आइल ऑफ वाइटभोवती शिडाच्या बोटीतून: पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी तीन दिवसांचा बेत

साउथॅम्प्टनला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी आमच्याकडे येतं. त्यांना घेऊन समोरच्या आइल ऑफ वाइटला फेरीबोटीनं जायचं, दिवसभर हिंडायचं आणि संध्याकाळी परत यायचं हे ठरलेलं. परतताना एकजण तरी रेलिंगला टेकून विचारतोच, "त्या पांढऱ्या शिडाच्या बोटी आहेत ना, तशा बोटीतून आपल्याला नाही का जाता येणार?"

येतं. बोटीचा काही अनुभव नसला तरी येतं. फक्त घाई करून चालत नाही, आणि तारीख आपल्या रजेप्रमाणे न धरता पाण्याप्रमाणे धरावी लागते. हे दुसरं ज्यांना पटलं त्यांची फेरी मजेत झाली. ज्यांना नाही पटलं ते अर्धा दिवस भिजत, पाण्याशी भांडत बसले.

बेटाचा आकार शंकरपाळ्यासारखा आहे. वरच्या टोकाला काउज हे बंदर, डावीकडच्या टोकाला नीडल्स नावाचे पांढरे सुळके, खाली सेंट कॅथरिन्स पॉइंटचं दीपगृह आणि उजवीकडे बेंब्रिज. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या पट्ट्याला सोलेंट म्हणतात. एवढं डोक्यात पक्कं केलंत की पुढचं सगळं सोपं जाईल. पूर्ण वेढा सुमारे ५० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ९३ किलोमीटरचा. १९३१ पासून इथे या वेढ्याची शर्यत होते आणि २०१७ साली एका ट्रायमरननं, म्हणजे तीन सांगाडे जोडलेल्या वेगवान बोटीनं, तो अडीच तासांच्या आत संपवला होता. आपण त्याला तीन दिवस देणार आहोत: काउज ते यार्मथ, यार्मथ ते बेंब्रिज, बेंब्रिज ते काउज.

आधी तिथी बघा, मग तारीख ठरवा

माझं माहेर हर्णैचं. आजोबा भरतीची वेळ विचारली की घड्याळाकडे न बघता तिथी विचारायचे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास. सोलेंटमध्ये सगळं गणित मुख्य भूमीवरच्या पोर्ट्समथ बंदराच्या भरतीवरून मांडतात. मी पहिल्यांदा तिथलं वेळापत्रक उघडलं आणि थक्क झाले. आजोबांचं सूत्र इथेही ढोबळमानानं लागू पडतं! पोर्ट्समथलाही अमावास्या-पौर्णिमेची भरती ग्रिनिच वेळेप्रमाणे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते. उन्हाळ्यात इथलं घड्याळ एक तास पुढे असतं, तेवढा तास मिळवायचा. अर्थात प्रत्यक्ष निघताना छापील वेळापत्रकच पाहायचं. पण सुट्टीची तारीख ठरवायला घरचं पंचांग पुरतं.

तारीख कुठली? अष्टमी, नवमी, दशमी, शुक्ल पक्षातली किंवा कृष्ण पक्षातली. हे भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असायचे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पोर्ट्समथचं पाणी जवळजवळ चार मीटर चढतं-उतरतं, भांगाला त्याच्या निम्मं. पाणी कमी हलतं म्हणजे प्रवाहही सौम्य असतो, आणि नवख्यांना तेच हवं. यार्मथच्या पुढे हर्स्टची खिंड आहे, तिथे उधाणाचा प्रवाह चार नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वर जातो. आपली ३५ फुटी बोट शिडावर पाच नॉटनं चालते. प्रवाह पाठीशी असेल तर किनारा नऊ नॉटनं मागे पळतो. समोरून असेल तर तासभर धडपडून जेमतेम एक मैल सरकते. सोलेंटमध्ये खरं इंजिन पाण्याचं असतं, डिझेलचं इंजिन फक्त बंदरात शिरायला.

भांगाचे दिवस धरायचं दुसरं कारण वेळेचं आहे. प्रवाह पोर्ट्समथच्या भरतीआधी साधारण एक तास पश्चिमेकडे वाहू लागतो आणि भरतीनंतर साडेचार-पाच तास तसाच वाहत राहतो. मग उलटून पूर्वेकडे. बेटाच्या दक्षिण अंगालाही ढोबळमानानं हाच क्रम. अष्टमीच्या आसपास भरती सकाळी सात-आठच्या सुमाराला येते. त्यामुळे पश्चिमेला जाणारं पाणी सकाळी मिळतं, पूर्वेला जाणारं दुपारी, आणि संध्याकाळी बेंब्रिजला पोचताना भरती पुन्हा चढत असते. उधाणाचे दिवस धरलेत तर हीच गणितं पहाटे साडेचारला किंवा संध्याकाळी पाचला नेऊन ठेवतात. सुट्टीत कोण उठतं पहाटे साडेचारला?

मे ते सप्टेंबर हा हंगाम. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. ऑगस्टच्या सुरुवातीला काउज वीक असतो, १८२६ साली सुरू झालेला शर्यतींचा आठवडा. बघायला सुंदर, पण बोट बांधायला जागा मिळत नाही, म्हणून पहिल्या फेरीसाठी तो टाळा. वेढ्याच्या शर्यतीचा शनिवार-रविवारही टाळा.

बोट आणि स्किपर

ब्रिटनमध्ये खाजगी शिडाची बोट चालवायला कायद्यानं परवाना लागत नाही. पण भाड्यानं बोट देणारे प्रमाणपत्र आणि अनुभव विचारतात आणि ते योग्यच आहे. पहिल्या फेरीला स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानासकट, बोट घ्या. हँबल, साउथॅम्प्टन, गॉसपोर्ट, लिमिंग्टन, काउज इथून अशा बोटी मिळतात. ३४ ते ३८ फुटांची बोट, चार जण आणि स्किपर, हे प्रमाण बरोबर जमतं. सहा जण झाले तर झोपायची अडचण होते आणि अडचणीत चिडचिड होते.

ज्यांना पुढे स्वतः चालवायची इच्छा आहे त्यांनी फेरीऐवजी रॉयल यॉटिंग असोसिएशनचा 'काँपिटंट क्रू' हा पाच दिवसांचा अभ्यासक्रम करावा. बोटीवरच राहायचं, बोटीवरच शिकायचं. कित्येक शाळा त्यात वाऱ्याप्रमाणे यार्मथ, काउज, बेंब्रिज फिरवतातच. त्यानंतरची पायरी 'डे स्किपर'.

बुकिंग करताना स्किपरला स्पष्ट सांगा: आम्ही नवखे आहोत, आम्हाला तीन दिवस सावकाश जायचंय, दक्षिण बाजूला हवामान चांगलं नसेल तर तिकडे न जाण्याची आमची तयारी आहे. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. यार्मथ सोडल्यापासून बेंब्रिजपर्यंत सुमारे ३० मैल आहेत आणि वादळवाऱ्यात हमखास शिरता येईल असं एकही बंदर मध्ये नाही. व्हेंटनरला छोटं आडोशाचं ठिकाण आहे, पण वाईट हवेत त्याचा भरवसा धरू नये. वाऱ्याचा जोर ब्यूफोर्ट मापाने ३ ते ४ असेल तर छान. ५ किंवा जास्त असेल, त्यातून दक्षिणेचा किंवा नैर्ऋत्येचा, तर दुसऱ्या दिवशीचा बेत रद्द करायचा आणि सोलेंटमध्येच राहायचं. यार्मथहून समोर लिमिंग्टन, तिथून ब्यूली नदी, तिथून काउज. तीही सुट्टी उत्तमच होते. मी स्वतः दोनदा अशी परत फिरले आहे.

सामान

चाकांची कडक सूटकेस आणू नका. बोटीत ती ठेवायला जागाच नसते. घडी होणारी कापडी बॅग आणा. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. पातळ लोकरी किंवा सिंथेटिक कपडे एकावर एक घालायचे, वरून पावसाचा जाड कोट आणि पँट. हे ऑइलस्किन बहुतेक ठिकाणी भाड्यानं मिळतात, आधी विचारून घ्या. ऑगस्टमध्येही इथलं पाणी १७-१८ अंशांचं असतं आणि त्यावरून येणारा वारा हाडात शिरतो. मुंबईहून आलेल्या माणसानं तर कानटोपी आणावीच. बूट फिकट तळव्याचे, न घसरणारे. काळ्या तळव्याच्या बुटांचे डेकवर डाग पडतात.

बोट लागण्याची भीती सगळ्यांनाच असते. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. सोबत आलेपाक ठेवा, खरंच उपयोग होतो. आणि मळमळ वाटली तर खाली केबिनमध्ये जाऊन पडू नका. वर बसा, क्षितिजाकडे बघा, स्किपरकडून सुकाणू मागून घ्या. हातात सुकाणू आलं की दहापैकी आठ जणांची मळमळ थांबते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता गोळीच्या आधी सुकाणूच देते.

जेवणासाठी एक गोष्ट हक्कानं सांगते: लहान प्रेशर कुकर न्या. बोटीची शेगडी झोक्यासारखी डुलती असते, पण साध्या पातेल्यातलं उकळतं पाणी लाटेसरशी सांडू शकतं. कुकरचं झाकण घट्ट बसतं. नांगर टाकल्यावर मुगाची खिचडी, वर तूप, लिंबाचं लोणचं. भर समुद्रात असताना शिजवत बसायचं नाही. त्या वेळेसाठी धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात तयार हव्यात.

बोटीवर पाय ठेवल्यावर पहिला तास

चांगला स्किपर निघण्याआधी तासभर सगळं समजावतो. तो तास कंटाळवाणा मानू नका. लाइफ जॅकेट घातल्यावर मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधायला विसरू नका. तो नसेल तर पाण्यात पडल्यावर जॅकेट फुगतं आणि माणूस त्यातून खाली सरकतो. रेडिओवर १६ नंबरचा चॅनल संकटासाठी. बटण कुठलं, बोलायचं काय, हे स्किपरशिवाय आणखी एकाला तरी यायला हवं, कारण पाण्यात पडणारा स्किपरही असू शकतो.

मोठ्या शिडाच्या खालची आडवी दांडी म्हणजे बूम. नवख्यांना सगळ्यात जास्त धोका तिचा. बोटीनं दिशा बदलली की ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, कधी सावकाश, कधी तलवारीसारखी. स्किपरनं आवाज दिला की आधी डोकं खाली, बाकी सगळं नंतर.

विंच म्हणजे दोर ओढायचं गोल यंत्र. दोराचे तीन वेढे घड्याळाच्या दिशेनं घालायचे, मग हँडल. दोर सैल करताना तळहात वेढ्यांवर सपाट ठेवून हळूहळू सोडायचा. बोटं दोर आणि विंच यांच्यामध्ये कधीही नाहीत. अंगठी घालत असाल तर निघण्याआधी काढून ठेवा.

संडासाचं प्रात्यक्षिक न लाजता करून घ्या. समुद्राचं पाणी आत घ्यायचा आणि बाहेर सोडायचा असे वेगवेगळे कॉक असतात, हातपंप असतो. त्यात आपण खाल्लेल्या गोष्टींशिवाय काही टाकायचं नाही, आणि कागद किती चालेल ते स्किपर सांगेल. गॅस वापरून झाला की शेगडीच्या बटणावर थांबायचं नाही, सिलिंडरची चावीही बंद करायची. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो बोटीच्या तळाशी साचतो आणि बाहेर जायला वाट नसते.

आता एक गृहपाठ, हा मात्र तुम्ही स्वतः करा. प्रवाहांचा नकाशा म्हणून एक पातळ पुस्तिका मिळते. त्यात १३ पानं असतात: पोर्ट्समथच्या भरतीचं एक, आधीच्या सहा तासांची सहा, नंतरच्या सहा तासांची सहा. आजची भरती सकाळी ७.४० ला असेल तर मधल्या पानावर पेन्सिलीनं ७.४० लिहायचं, पुढच्यावर ८.४०, त्यापुढच्यावर ९.४०. मग दिवसभर घड्याळ बघायचं आणि ते पान उघडायचं. बाण जाड तिथे ओढ जोराची, बारीक तिथे हलकी. हे एकदा हातानं लिहिलंत की सोलेंट तुम्हाला वाचता येतो.

लिहिताना एक तास मिळवायचा विसरू नका. बरीच वेळापत्रकं उन्हाळ्यातही ग्रिनिच वेळेत छापलेली असतात. आमच्या पहिल्या फेरीत हीच चूक झाली. आम्ही सगळीकडे एक तास आधी निघालो आणि बेंब्रिजच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आत जायला पाणीच नव्हतं. सेंट हेलेन्स किल्ल्याजवळ नांगर टाकून दीड तास डोलत बसावं लागलं. सुदैवानं हवा शांत होती.

पहिला दिवस: काउज ते यार्मथ

साधारण दहा मैल. सकाळी नऊच्या सुमारास निघा, पाणी पश्चिमेकडे चाललेलं असेल. काउजच्या तोंडाशी डावीकडे रॉयल यॉट स्क्वाड्रन या जुन्या यॉट क्लबचा किल्ला आणि पितळी तोफांची रांग दिसते. १८५१ साली 'अमेरिका' नावाच्या बोटीनं याच बेटाला वेढा घालून जिंकलेला चषक पुढे अमेरिकाज कप झाला.

इथला एक नियम स्किपर पाळेलच, पण तुम्हीही डोळे उघडे ठेवा. साउथॅम्प्टनला जाणारी महाकाय कंटेनर जहाजं आणि क्रूझ जहाजं काउजच्या समोरच वळण घेतात. १५० मीटरहून लांब जहाजाच्या पुढे एक किलोमीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर मीटर एवढा पट्टा पूर्ण वर्ज्य. शिडाच्या बोटीला मोटारबोटीनं वाट द्यायची असते हे खरं, पण इथे ते चालत नाही. उत्तरेला ब्रँबल बँक नावाची वाळूची पट्टी आहे. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला ती तासभर उघडी पडते, तेव्हा वर्षातून एकदा रॉयल सदर्न आणि आयलंड सेलिंग हे दोन क्लब तिच्यावर चक्क क्रिकेटचा सामना खेळतात. पाणी परत यायच्या आत संपवायचा.

बंदराबाहेर आल्यावर शिडं वर चढतात आणि स्किपर इंजिन बंद करतो. त्या क्षणी कोणी बोलू नका. इतका वेळ पायाखाली थरथरत असलेलं डेक एकदम स्थिर होतं. मग आधी बोटीच्या अंगावरून सरकणाऱ्या पाण्याचा आवाज कानावर येतो, नंतर एखाद्या दोराची डोलकाठीवर टकटक. पहिल्यांदा आलेल्या माझ्या जाऊबाई तेव्हा नकळत कुजबुजत बोलायला लागल्या होत्या.

वारा बहुतेक नैर्ऋत्येचा असतो, म्हणजे आज तो समोरून येणार. नागमोडी जावं लागेल, एकदा मुख्य भूमीकडे, एकदा बेटाकडे. वारा आणि प्रवाह समोरासमोर असले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. भांगाला त्या बेताच्या असतात, तरी बोट एका अंगावर कलणार. ती उलटणार नाही. खाली शिसं किंवा लोखंडाची जड कील असते, ती जितकी कलते तितकी परत ओढते. वरच्या बाजूला बसा आणि सवय होऊ द्या. वाटेत बेटाकडे न्यूटाउनच्या खाडीचं तोंड येतं, लांबून दिसतही नाही. फार सुंदर, निवांत जागा आहे. पण तिथे चढत्या पाण्यात शिरावं लागतं, ती पुढच्या खेपेला ठेवा.

यार्मथ म्हणजे दोन-चार गल्ल्यांचं गाव, आठव्या हेन्रीच्या काळातला १५४७ सालचा छोटा किल्ला आणि १८७६ चा लांबच लांब लाकडी धक्का. पोचायच्या आधी रेडिओवर ६८ नंबरवर हार्बरमास्टरकडे जागा मागायची. तोंडाशी प्रवाह आडवा असतो आणि लिमिंग्टनची फेरी आत-बाहेर करत असते, म्हणून इथे स्किपरला गप्प राहून काम करू द्या. शिडं उतरवलेली, बाजूचे फेंडर (धक्का झेलणाऱ्या फुगीर उशा) टांगलेले, दोर हातात, हे सगळं आधीच तयार हवं. उडी मारून धक्क्यावर उतरू नये. बोट टेकल्यावर पाऊल टाकून उतरायचं.

गर्दी असेल तर दुसऱ्या बोटीला बोट बांधावी लागते. मग धक्क्यावर जाताना शेजाऱ्याच्या बोटीवरून जायचं ते पुढच्या डेकवरून, बसायच्या जागेतून नाही. वाड्यात दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून कोणी ये-जा करत नाही, तसंच.

दुसरा दिवस: यार्मथ ते बेंब्रिज

सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात देखणा दिवस. आज सकाळी काहीच करायचं नाही. निवांत उठा, आंघोळ करा, गावात जाऊन पाव आणा. निघायचं ते पोर्ट्समथच्या भरतीनंतर चार तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास. तोपर्यंत बंदराच्या एखाद्या लाकडी खांबाकडे बघत बसा. खांबाला चिकटलेलं हिरवं शेवाळ सकाळभर पश्चिमेकडे आडवं ताणलेलं असतं. मग ते हळूहळू सैल पडत खाली लोंबायला लागतं. असं लोंबायला लागायच्या थोडं आधी आपण निघायचं.

नेमकं कारण असं: हर्स्टच्या खिंडीतून बाहेर काढायला ओसरत्या प्रवाहाचा शेवटचा हलका ढकला हवा, आणि नीडल्सला पोचेपर्यंत पाणी थांबलेलं हवं. मग ते पूर्वेकडे फिरतं आणि दक्षिण किनाऱ्यानं आपल्याला पाच तास घेऊन जातं. समोर हर्स्टचा किल्ला. पहिल्या चार्ल्स राजाला १६४८ च्या डिसेंबरात इथे कैदेत ठेवलं होतं, पुढच्याच महिन्यात लंडनला त्याचा शिरच्छेद झाला. उजवीकडे शिंगल्स नावाचा गोट्यांचा उथळ पट्टा आहे, तिथे शांत दिवशीही पांढरा फेस दिसतो. त्याच्या जवळ जायचं नाही. डावीकडे अ‍ॅलम बेचे रंगीत कडे. १८९७ साली मार्कोनीनं तिथल्या हॉटेलात उंच खांब रोवून बिनतारी संदेशाचे प्रयोग केले होते.

नीडल्स समोर येतात तेव्हा सगळे फोटो काढायला एकाच बाजूला धावतात. एक हात बोटीला धरलेला, एकाच हातात फोन, हा नियम इथे पाळा. तीन सुळके आहेत. चौथा, सुईसारखा बारीक, ज्याच्यावरून हे नाव पडलं, तो १७६४ च्या वादळात कोसळला. टोकाशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं १८५९ सालचं दीपगृह. त्याच्या अगदी जवळून जाण्याचा मोह होतो, पण पाण्याखाली १९४७ साली फुटलेल्या 'वार्वासी' या ग्रीक जहाजाचा सांगाडा आहे आणि त्यावर आपटून शर्यतीतल्या कित्येक बोटी जखमी झाल्या आहेत. आपल्याला घाई नाही, लांबून वळा.

वळल्यावर जग बदलतं. वारा मागून किंवा बाजूनं येतो, प्रवाह आणि वारा एका दिशेला, लाटा लांब आणि मऊ. उंच पांढरे कडे, त्यावर हिरवं गवत, कवी टेनिसनच्या स्मरणार्थ उभारलेला दगडी क्रूस. सुकाणू आळीपाळीनं घ्यायची हीच वेळ. कंपासकडे टक लावून बघू नका, लांबवरची एखादी खूण धरा आणि तिच्याकडे चला. सुकाणू थोडं फिरवा, थांबा, बोट काय म्हणते ते बघा.

सेंट कॅथरिन्स पॉइंटला मात्र गंभीर व्हायचं. टोकाजवळ तळ उंचसखल आहे, प्रवाह तिथे उसळतो आणि वाऱ्याशिवायही लाटा उभ्या राहतात. दोन मैल बाहेरून जायचं. खालचं पांढरं दीपगृह १८४० पासून पेटतंय. वर टेकडीवर दुर्बिणीतून एक अष्टकोनी दगडी मनोरा दिसतो, तो त्याच्याही पाचशे वर्षं आधीचा. १३१३ साली इथे दारूची पिंपं घेऊन येणारं एक जहाज फुटलं. इथल्या एका जमीनदारानं त्यातली चोरीची दारू घेतली. ती दारू एका मठाची होती. प्रायश्चित्त म्हणून त्यानं टेकडीवर प्रार्थनागृह आणि दिवा बांधला, तो हा, १३२८ सालचा. लोक त्याला मिरपूडदाणी म्हणतात.

पुढे व्हेंटनर, शँकलिन, सँडाउन, ओळीनं सुट्टीची गावं. वारा पश्चिमेचा असेल आणि वेळ हाताशी असेल तर सँडाउनच्या उपसागरात नांगर टाकून चहा करा. बेंब्रिजला पाणी यायच्या आत पोचून उपयोग नाहीच. त्या बंदराची वाट ओहोटीला उघडी पडते, म्हणून भरतीच्या तीन तास आधीपासून तीन तास नंतरपर्यंतच आत-बाहेर करता येतं. चढत्या पाण्यात शिरायचं, म्हणजे वाळूत टेकलीच तर दहा मिनिटांत पाणीच उचलून घेतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास सेंट हेलेन्स किल्ल्याजवळ पोचलात तर बरोबर वेळेत आहात. बोटीची खोली आणि त्या दिवशीची भरती यांचा हिशेब स्किपरबरोबर स्वतः मांडून बघा. तिथून खुणेच्या बोयांच्या मधून, एकही चुकवायची नाही.

तिसरा दिवस: बेंब्रिज ते काउज

बारा मैल. भरती साडेआठ-नऊला, तासाभरानं निघायचं, पाणी पश्चिमेकडे चाललेलं असेल. उशीर मात्र करू नका. ओसरत्या पाण्यात या वाटेवर टेकलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच.

समुद्रात उभे असलेले गोल किल्ले १९ व्या शतकात फ्रेंचांच्या भीतीनं बांधले. नो मॅन्स लँड किल्ल्यानंतर राइड गावासमोरची वाळू लांबवर पसरली आहे, तिच्या उत्तरेनं चला. किनाऱ्याचा मोह धरून आत गेलेल्या बोटी इथे रुततात. पोर्ट्समथकडून येणारं हॉवरक्राफ्ट आवाज करत आडवं जाईल, त्याला लांब ठेवा.

काउजच्या अलीकडे ऑस्बॉर्नचा उपसागर येतो. नैर्ऋत्येच्या वाऱ्यात इथे छान आडोसा असतो. नांगर टाका, उरलेले धपाटे संपवा. नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून दहा मिनिटं बघा. रेषा मोडली नाही म्हणजे नांगर धरला. झाडांमागे जे मनोरे दिसतात ते ऑस्बॉर्न हाउस, व्हिक्टोरिया राणीनं १८४५ मध्ये घेतलेलं घर. १९०१ साली ती इथेच गेली. बोट परत केल्यावर एक दुपार या घरासाठी ठेवा. लाहोरच्या भाई राम सिंग यांनी घडवलेली तिथली दरबार खोली आणि भारतीय कारागिरांची व्यक्तिचित्रं बघताना पाय निघत नाही. एका चित्रापुढे माझे बाबा बराच वेळ उभे होते. कुंभाराचा चेहरा आहे, बोटांना माती लागली असावी असं वाटतं.

काउजला बोट बांधली की लगेच बॅगा उचलून पळू नका. डेकवर गोडं पाणी मारायचं, दोर गुंडाळून ठेवायचे, डिझेल भरायचं, खालचे कॉक बंद करायचे. स्किपरकडून एका वहीत तारीख, मैल आणि वारा लिहून सही घ्या. पुढे अभ्यासक्रम करायचा ठरलं तर ते मैल मोजले जातात. जमिनीवर उतरल्यावर पहिले दोन-तीन तास पायाखालची फरशी डुलल्यासारखी वाटेल, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी गाडी चालवायचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या.